टोरांटोत हिवाळाभर सायकलनं ऑफिसला जावं का? मेन–डॅनफर्थ ते कॉलेज स्ट्रीट, ९ किमी

मेनस्ट्रीटकर

नमस्कार मंडळी. मेन आणि डॅनफर्थच्या कोपऱ्यापासून सेंट जॉर्ज–कॉलेजपर्यंत सायकलनं जाते. डॅनफर्थची सायकल लेन, व्हायाडक्टचा पूल, ब्लूर, मग सेंट जॉर्जवरून खाली. एका बाजूचं अंतर साधारण ९ किलोमीटर. सकाळी पावणेआठला निघते, संध्याकाळी साडेपाचला परत.

सायकल हायब्रिड आहे: ७०० बाय ३८ चे साधे टायर, रिम ब्रेक, मागे ८ गिअर, दोन्ही चाकांना मडगार्ड. राहायला बाराव्या मजल्यावर, सायकल घरातच असते. बाल्कनी आहे, पण उघडी.

डिसेंबर ते मार्च सायकल चालू ठेवायचा विचार आहे. तीन गोष्टी ठरत नाहीत. किती उणे तापमानाला थांबायचं? खिळ्यांचे टायर लागतातच का, की साध्या टायरची हवा कमी करून भागतं? आणि लाइन २ ची सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, याच रस्त्याला समांतर जात असताना हा खटाटोप किती दिवस करण्यासारखा आहे? "मस्त वाटतं, कराच" यापेक्षा नेमकं काही सांगितलंत तर बरं होईल.

उणेवीस

ताई, तापमानाचा एक आकडा धरून बसू नका. टोरांटोत सायकलवाल्याला पाडतं ते शून्याच्या आसपासचं हवामान. कोरडी उणे १५ ची सकाळ असेल आणि डांबर कोरडं असेल तर साध्या टायरवरही पकड असते. अधिक २ ची दुपार आणि त्यानंतर उणे ४ ची रात्र, ही खरी वाईट जोडी. काठाला रचलेल्या स्नोच्या ढिगाऱ्याचं पाणी दुपारी लेनमधून आडवं वाहतं आणि पहाटे त्याची पारदर्शक चादर होते. ब्लॅक आइस म्हणतात ते हेच. दिव्याच्या उजेडात ते नुसतं ओलं डांबर दिसतं. शहराच्या मध्यभागी जानेवारीत कमाल तापमान शून्याच्या जवळ आणि किमान उणे ७ च्या आसपास असतं, त्यामुळे हा खेळ एकदा होऊन संपत नाही, हिवाळाभर चालतो.

म्हणून रात्री झोपण्यापूर्वी अंदाजात पुढच्या गोष्टी बघा. दुपारी तापमान शून्याच्या वर गेलं होतं का, आणि रात्री खाली उतरणार का? पाऊस कधी थांबला आणि गोठणं कधी सुरू झालं? मधे पाचसहा तास वारा आणि कोरडी हवा मिळाली असेल तर रस्ता बहुतेक सुकलेला असतो. तासाभराचाच फरक असेल तर आइस आहे असंच धरून निघा. आणि गोठता पाऊस म्हणजे फ्रीझिंग रेनचा इशारा असेल तर सायकल नाही. त्यावर वाद घालूच नये. खिळे तुम्हाला धरतील, शेजारच्या गाडीला धरणार नाहीत, शिवाय झाडांच्या फांद्या आणि तारा वरून पडतात त्या वेगळ्याच.

तुमच्या रस्त्यातली सर्वांत नाजूक जागा व्हायाडक्ट. पुलाला खालून जमिनीची ऊब नसते, दोन्ही बाजूंनी वारा लागतो, त्यामुळे डॅनफर्थ नुसता ओला असतानाही पूल गोठलेला असू शकतो. पुलावर चढण्यापूर्वी सरळ, मोकळ्या जागी मागचा ब्रेक हलकेच दाबून बघा. चाक लगेच अडकून घसरलं तर पूलभर ब्रेक न दाबता, न वळता, हळू पेडल मारत सरळ जायचं.

थंडीचं गणित वेगळं. ताशी २० च्या वेगानं सायकल चालवताना हवा स्थिर असली तरी तोंडावर तेवढा वारा लागतोच. कॅनडाच्या विंड चिलच्या (वाऱ्यामुळे अंगाला जाणवणाऱ्या थंडीच्या) सूत्रानं उणे १० तापमानाला हे उणे १८ सारखं लागतं, उणे २० ला साधारण उणे ३०. समोरून २० चा वारा आला तर उणे १५ चं उणे २७ होतं. हिवाळ्यात इथे वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, म्हणजे तुम्हाला सकाळी समोरून आणि संध्याकाळी पाठीवर. विंड चिल उणे २८ च्या खाली गेलं की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. तुमचा प्रवास हिवाळ्यात ४० मिनिटांचा धरा. म्हणजे त्या दिवशी नाक, गाल, कान यांपैकी काहीही उघडं नको. ते झाकता येत नसेल तर सबवे.

धुरा_आणि_आरे

टायरबद्दल. हवा कमी केल्यानं साध्या टायरची पकड भुसभुशीत स्नोवर थोडी वाढते, आइसवर नाही. आइसवर रबर कितीही मऊ असलं तरी खिळा लागतो, आणि खिळाही टंगस्टन कार्बाइडचाच. स्टीलचे खिळे डांबरावर एका हंगामात बोथट होतात.

तुम्हाला ३५ मिलिमीटरचा टायर घ्यावा लागेल. आत्ता ३८ चा बसतो म्हणून ४० चा खिळ्यांचा घ्यायला जाल तर खिळे मडगार्डला घासतील, आणि रिम ब्रेकमधून चाक काढताना टायर अडकेल ते वेगळंच. टायर आणि मडगार्ड यांच्यात किमान १० मिलिमीटर मोकळी जागा हवी. नाहीतर ओला स्नो तिथे दाबून बसतो, गोठतो आणि चाक थांबवतो.

श्वाल्बेचा मॅरेथॉन विंटर प्लस ३५ मध्ये मिळतो. त्याला खिळ्यांच्या ओळी मधे आणि कडेला, दोन्हीकडे असतात. हवा भरपूर भरली की कडेच्या ओळी जमिनीला कमी टेकतात, रोलिंग हलकं होतं. आइसच्या दिवशी हवा कमी केली की त्याही टेकतात. कोरडं डांबर जास्त आणि आइस मधूनमधून, असा रस्ता असेल तर फिनलंडचा डब्ल्यू १०६ पुरतो. आकडा म्हणजे खिळ्यांची संख्या. पूर्वी नोकियनच्या नावानं मिळायचा, आता सुओमी टायर्सच्या. चाकोऱ्या पडून गोठलेल्या रस्त्यांसाठी त्यांचा डब्ल्यू २४० आहे. तो तुमच्या मडगार्डात बसणार नाही आणि डॅनफर्थसाठी त्याची गरजही नाही.

बसवल्यावर पहिले ४०–५० किलोमीटर कोरड्या डांबरावर, जोरात ब्रेक न दाबता आणि झटका देऊन पेडल न मारता चालवा. खिळे रबरात पक्के बसायला तेवढा वेळ लागतो. हे टाळलं की खिळे उडतात आणि मग लोक टायरला नावं ठेवतात. म्हणजे टायर नोव्हेंबरच्या मध्यालाच चढवायचे, पहिल्या स्नोच्या सकाळी नाही.

हवेचा दाब घरात मोजू नका. २० अंशाच्या खोलीत ५० पीएसआय भरून बाहेर उणे १० मध्ये गेलात की तो ४३–४४ वर येतो. आइसच्या दिवशी मुद्दाम कमी भरलेला टायर बाहेर आणखी खाली जातो आणि खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होते. टायरच्या कडेला छापलेल्या किमान दाबाच्या खाली जाऊ नका.

आता तुमची खरी अडचण, बारावा मजला. सायकल घरात आणली की स्नो वितळतो. पाणी ब्रेक आणि गिअरच्या केबलच्या वेष्टनात शिरतं. सकाळी बाहेर पडलात की दहा मिनिटांत ते गोठतं, गिअर बदलत नाहीत, ब्रेकचा लिव्हर दाबला की परत येत नाही. शिवाय मीठ उबेत जास्त वेगानं लोखंड खातं. म्हणून आठवडाभर सायकल बाल्कनीतच, कव्हर घालून. शुक्रवारी रात्री आत. बाटलीनं कोमट पाणी ओतून मीठ धुवा, जोराचा फवारा नको. पुसा, शनिवारभर सुकू द्या, मग चेनला वेट ल्यूब (ओल्या हवेसाठीचं तेल) आणि वरचं जादा तेल फडक्यानं पुसा. केबलच्या टोकांतून पातळ तेलाचे दोनतीन थेंब सोडा.

हिवाळ्यापूर्वी एकदाच करायची कामं: सीटपोस्ट आणि पेडलचे आटे काढून ग्रीस लावणं. नाही लावलं तर मार्चमध्ये ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये असा बसतो की कापून काढावा लागतो. मागच्या हबमध्ये जाड ग्रीस असेल तर उणे १५ च्या खाली आतले कुत्रे (चाक ढकलणारे छोटे दाते) चिकटतात, पेडल मोकळं फिरतं आणि चाक ढकललं जात नाही. तिथे पातळ तेल घालून घ्या. चेन ८ गिअरची आहे, चेनच्या मोजपट्टीवर ०.७५ टक्के ताणली की बदला. इथल्या मिठात एक चेन हंगाम काढतेच असं नाही.

रिम ब्रेकला ओल्या बर्फात पहिला चाकाचा फेरा काहीच पकड नसते. सिग्नलच्या बरंच आधी ब्रेक हलके लावून रिम पुसून घ्यायची, मग खरा ब्रेक. सॅल्मन रंगाचे कूलस्टॉपचे ब्रेकपॅड घ्या, आणि पॅडमध्ये रुतलेले वाळूचे कण दर आठवड्याला टोकदार काहीतरी घेऊन काढा, ते रिम खरवडतात. रिमवर झिजेची खूण असेल तर मार्चमध्ये ती तपासा.

तळघरातली_सायकल

वरच्या दोघांनी सायकलचं आणि रस्त्याचं सांगितलं, मी गाड्यांचं सांगते. मोठा स्नो पडल्यानंतरचे काही दिवस माझ्या मते आइसपेक्षा वाईट असतात. स्नो हटवणारा नांगर फिरला की काठाला ढीग राहतात आणि लेन अर्धी होते. कोपऱ्यावरचे ढीग छातीएवढे असतील तर उजवीकडे वळणाऱ्या ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत लागोपाठच्या वादळांत ५० सेंटीमीटरच्या वर स्नो पडला, तेव्हा तो उचलून नेईपर्यंत कित्येक लेन वापरण्यासारख्या नव्हत्या. अशा वेळी लेन सोडून गाड्यांच्या रस्त्यात यायचं तर मधोमध, ठामपणे चालवायचं. काठाला चिकटून चालवलं की घसरून चाकाखाली जायची भीती. ओंटारियोत सायकलनं लेनमधूनच गेलं पाहिजे अशी सक्ती नाही, आणि शक्य तिथे गाडीनं किमान १ मीटर अंतर ठेवूनच ओलांडायचं असा कायदा आहे. पण माझं प्रामाणिक मत: १० सेंटीमीटरच्या वर पडला की दोन-तीन दिवस लाइन २. लेन साफ नसेल तर शहराच्या ३११ या नंबरला कळवा. जागा नेमकी सांगायची, कुठल्या दोन चौकांच्या मधे ते.

रस्त्यावर मीठ आणि चाकं मिळून जो तपकिरी लगदा होतो, ओल्या गुळाच्या पुडीसारखा, त्यात खिळे काही करत नाहीत, कारण त्यांना टोचायला कडक काही मिळत नाही. पुढचं चाक आपोआप बाजूला पळतं. हलका गिअर, वजन मागे, हँडल सैल धरायचं. तो लगदा रात्री गोठला तर चाकोऱ्या दगडासारख्या होतात. आणि साधारण उणे १२ च्या खाली साध्या मिठाचा उपयोग फारसा राहत नाही, त्यामुळे मीठ टाकलेलं दिसलं म्हणून भरवसा नको.

दिवे. डिसेंबरात सूर्यास्त पाचच्या आत आणि जानेवारीच्या सुरुवातीला सूर्योदय पावणेआठनंतर, म्हणजे दोन्ही फेऱ्या अंधुकात किंवा अंधारात. साडेपाचला उजेड मिळायला फेब्रुवारी उजाडतो. कायद्यानं सूर्यास्ताच्या अर्ध्या तास आधीपासून सूर्योदयानंतर अर्ध्या तासापर्यंत पुढे पांढरा किंवा पिवळसर दिवा, मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर, शिवाय पुढच्या फोर्कवर पांढरी आणि मागच्या दांड्यांवर लाल परावर्तक पट्टी लागते. मागे दोन दिवे लावा, एक मडगार्डच्या वर. स्नो उडून खालचा झाकला जातो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, दिवे ऑफिसात रोज चार्ज करा.

दम्याचा त्रास असेल तर थंड कोरडी हवा श्वासनलिका आकसवते. तोंडावर कापड हवंच, आणि दम्याचा पंप (इनहेलर) आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. गारठलेल्या पंपातून औषध पुरेसं येत नाही. डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

ओउलूकर

फिनलंडमधून थोडंसं. ओउलूत हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद २०१३ मध्ये झाली, आणि इथे शाळेतली मुलंही उणे १५ मध्ये सायकलनं जातात. ते जमतं ते सायकलच्या वेगळ्या मार्गांमुळे आणि नांगर वेळेवर फिरतो म्हणून. मीठ कमी, खडी जास्त, आणि तापमान आठवडेच्या आठवडे शून्याखाली राहतं, त्यामुळे दाबलेला कोरडा स्नो जवळपास डांबरासारखा वागतो. इथले बरेच लोक साध्या टायरवर चालवतात. तो सल्ला टोरांटोला उचलून नेऊ नका. तुमच्याकडे गोठणं-वितळणं सतत आहे, तिथे खिळे हवेतच.

कपड्यांबद्दल एकच नियम: निघताना पहिली दहा मिनिटं थोडं गार वाटलं पाहिजे. ऊबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले, घाम येईल आणि उतारावर तोच गोठवेल. अंगाला लागून सुती काही नको, पातळ मेरिनो लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. हाताला जाडजूड मोज्यांपेक्षा हँडललाच बसणारे बार मिट्स चांगले, आत पातळ मोजे घातले की ब्रेक बोटांना नीट कळतो. बूट अर्धा नंबर मोठे. दोन जोड्या मोजे कोंबून बूट घट्ट झाले की रक्त पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतात. धातूच्या क्लीटचे (पेडलला अडकणाऱ्या खटक्याचे) बूट हिवाळ्यात ठेवून द्या.

मेनस्ट्रीटकर

खूप आभार. उणेवीस दादा, धुरा दादा, दोन शंका. खर्च बघता खिळ्यांचा टायर फक्त पुढेच लावला तर? आणि ऑफिसला पोचल्यावर दुपारी हवा बिघडली तर सायकल सबवेत घेता येते का? एक मैत्रीण ई-बाइकवर येते, तिचाही हाच प्रश्न आहे.

धुरा_आणि_आरे

एकच घ्यायचा असेल तर पुढेच. मागचं चाक घसरलं तर शेपूट हलते आणि बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही, खांदा किंवा मनगट जमिनीवर. फक्त मागे लावणं म्हणजे पैसे वाया. पण पुढे खिळे आणि मागे साधा अशा जोडीला मागचा ब्रेक जपून, आणि पूल उतरताना तर फारच जपून. जमलं तर दोन्ही घ्या. शिवाय सीट एकदोन सेंटीमीटर खाली करा, दोन्ही पाय पटकन टेकले पाहिजेत.

खिळे लावलेली सायकल इमारतीच्या लाकडी किंवा विनाइलच्या फरशीवरून ढकलू नका, ओरखडे उठतात. लिफ्टपासून बाल्कनीपर्यंत उचलून न्या, किंवा रबरी पट्टा अंथरा.

कुलपाचं राहिलं. भोक खालच्या बाजूला येईल असं लावा, नाहीतर पाणी आत जाऊन गोठतं. गोठलंच तर गरम पाणी ओतू नका, तेच पुन्हा गोठतं. किल्लीला कुलपाचा डी-आयसर लावायचा. तो खिशात ठेवा, सायकलच्या पिशवीत ठेवला तर तोही गारठतो.

उणेवीस

सबवेत साध्या सायकलला कामाच्या दिवशी सकाळी ६:३० ते १० आणि दुपारी ३:३० ते ७ मनाई आहे. म्हणजे तुमच्या दोन्ही वेळा त्यात येतात. तीनला निघता आलं तर घेता येईल. घडीची सायकल चालते. बसच्या पुढच्या रॅकवर लावता येते, पण तुमच्या मार्गावर बसपेक्षा सबवेच सोयीची, म्हणून सोपा उपाय: सायकल ऑफिसच्या आत किंवा छपराखाली दोन कुलपं लावून ठेवा, आपण सेंट जॉर्जहून ट्रेननं घरी. दुसऱ्या दिवशी हवा सुधारली की संध्याकाळी सायकलनं परत. तिकिटाचं प्रेस्टो कार्ड आणि कोरडे मोजे कायम पिशवीत. तुमच्या जवळजवळ सगळ्या रस्त्यालगत लाइन २ आहे आणि स्टेशनं चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे वाटेत अर्ध्यावर पूल घसरडा वाटला तर ब्रॉडव्ह्यूला सायकल कुलूपबंद करून उतरता येतं. सबवे आहे म्हणूनच तुम्ही हे निर्धास्तपणे सुरू करू शकता.

मैत्रिणीला सांगा, १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात लिथियम बॅटरीच्या ई-बाइक टीटीसीत (शहराच्या सबवे, बस, स्ट्रीटकारमध्ये) नेता येत नाहीत, स्टेशनातसुद्धा नाही. म्हणजे तिला सायकल ठेवायला पक्की जागा आधीच ठरवावी लागेल. बॅटरी काढून घरात ठेवायची, निघताना बसवायची, आणि गारठलेली असताना चार्जला लावायची नाही. शून्याखाली चार्ज केलं की आत धातूच्या स्वरूपात लिथियम साचतं आणि बॅटरी कायमची खराब होते, धोकादायकही ठरते. खोलीत तासदोन तास ठेवून मगच चार्जर. आणि थंडीत एका चार्जमध्ये जाणारं अंतर बरंच घटतं, तेवढं हिशोबात धरायला सांगा.

रुळांचंही बघून ठेवा. मेन आणि ब्रॉडव्ह्यूला स्ट्रीटकारचे रूळ डॅनफर्थला आडवे येतात. तुम्ही सरळ जाता, त्यामुळे चाक काटकोनात ओलांडतं, तिथे फक्त वळायचं किंवा ब्रेक दाबायचं नाही. खरी काळजी कॉलेज स्ट्रीटवर, तिथे रूळ रस्त्याच्या लांबीनं आहेत. स्नोखाली खाच दिसत नाही, आणि ओल्या रुळावर खिळेही घसरतात. सेंट जॉर्जवरून कॉलेजवर डावीकडे वळायचं असेल तर एका दमात तिरकं जाऊ नका. हिरव्या सिग्नलला सरळ पलीकडे जायचं, कोपऱ्यावर थांबून सायकल वळवायची, आणि दुसरा सिग्नल सुटला की निघायचं. ऑफिस कोपऱ्यापासून जवळ असेल तर उतरून फुटपाथवरून ढकलत न्या.